घोड्याची तुटलेली शीर

मृगाचा पाऊस स्थिरावून भातलावणीची घाई सुरू झाली म्हणजे शिरोड्याच्या मळ्यांतून दिवस वर येण्यापूर्वींच जोतें उतरतात. आतां पुष्कळ ठिकाणीं यांत्रिक नांगराचा फटफटाट ऐकूं येतो. परंतु जेथें अजून बैल आहेत तेथें एक जुना अपघातहि टपून बसलेला आहे. चिखल गुडघाभर; त्यांत नांगराचा फाळ दिसत नाहीं आणि बैलाचें मागलें पाऊलहि दिसत नाहीं. बांधाच्या कोपऱ्याशीं जोत वळवितांना बैल अर्धें पाऊल मागें सरला, कीं फाळाचें टोंक खुराच्या वर, पायाच्या मागल्या अंगास बसतें. पाणी तांबडें होतें, बैल तीन पायांवर उभा राहतो, आणि पाय उचलून पाहणाऱ्याच्या तोंडून दोनच शब्द निघतात : शीर तुटली.

येथें शीर म्हणजे रक्ताची नळी नव्हे. स्नायूचें टोंक हाडाला बांधून ठेवणारी जी पांढरी, चिवट दोरी असते तिला शास्त्रांत कंडरा म्हणतात. हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना आहे. कोणींहि आपल्या टांचेच्या वर बोटांची चिमूट धरून पाहावी. जी ताठ दोरी हाताला लागते ती मनुष्याच्या अंगांतली सर्वांत जाड कंडरा होय. ती तुटली तर चवड्यावर उभें राहतां येत नाहीं. जनावराच्या पायांतली तुटली तर काय होतें, आणि तुटलेली सांधते कीं नाहीं, हा प्रस्तुत विषय आहे.

शिरोडा हें गांव मिठागरांसाठीं आणि १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहासाठीं प्रसिद्ध; वि. स. खांडेकर यांनीं १९२० पासून १९३८ पर्यंत येथल्याच शाळेंत अध्यापन केलें, हें मराठी वाचकास सांगावयास नको. घोडा मात्र या बाजूस पाहुण्यासारखा. भाताच्या चिखलांत त्याचें कांहीं काम नाहीं, आणि चढउताराच्या अरुंद वाटांवर कोंकणानें बैलाच्या पाठीवरच अधिक भिस्त ठेविली. तथापि घोड्याच्या तुटलेल्या शिरेची हकीकत बैलावरूनच उत्तम समजते, कारण दुखापत एकच असतां दोघांच्या नशिबाचे फांसे निराळे पडतात.

बैल बसतो. दुखऱ्या पायावरचा भार काढून, गोठ्याच्या कोपऱ्यांत रवंथ करीत तो दिवसाचे दहा-बारा तासहि बसून काढूं शकतो, आणि तेवढा वेळ जखमेला निसर्ग विश्रांति देतो. घोड्याला हें सुख नाहीं. तो चोवीस तासांत जेमतेम दोन-तीन तास आडवा होतो. उभ्यानेंच डुलकी घेण्याची सोय त्याच्या सांध्यांत केलेली आहे. त्याला बळेंच फार वेळ निजवून ठेवावें, तर स्वतःच्याच वजनाखालीं त्याचे स्नायु चिरडतात, फुप्फुसें दबतात, आतडीं मंदावतात. म्हणजे ज्या पायाची दोरी तुटली त्याच पायावर, निदान उरलेल्या तीन पायांवर, त्याला आठ-आठ महिने उभें राहूनच बरें व्हावयाचें असतें. जुन्या काळीं अशा घोड्याला गोळी घालीत, ती केवळ निर्दयपणानें नव्हे. त्याला उभें कसें ठेवावें हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

शिरोड्याच्या सड्यावर जो तांबडा जांभा पसरलेला दिसतो, तोच जांभा उत्तरेस शेंकडों किलोमीटरांवर माथेरानच्या डोंगरमाथ्यावर आहे. आणि महाराष्ट्रांत घोड्याच्या पायावर कुटुंबाची चूल अवलंबून असल्याचें दृश्य पाहावयाचें तर तें तेथें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस हें ठिकाण पडलें, १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर आली. पण मोटार अजूनहि दस्तुरी नाक्यापुढें जात नाहीं. पाहुणे आणि ओझीं घोड्यांच्या पाठीवरून जातात. परवाना असलेले घोडे तेथें चारशेंहून अधिक आहेत. जांभ्याचे धारदार उंचवटे, पावसाळ्यांत निसरड्या होणाऱ्या वाटा, पत्र्याच्या कडा, कुंपणाची तार, फुटकी बाटली, इतक्या शत्रूंमधून ते रोज जातात. मैदानावर दौडणाऱ्या घोड्याला तर स्वतःचाच मागला पाय शत्रु होतो : भरधाव वेगांत मागल्या खुराची नाल पुढल्या पायाच्या मागल्या अंगावर बसते आणि शीर कापते. पूर्वीं मुंबईंत व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे होते, त्यांच्या वांट्यास डांबरी रस्ता आणि मोटारींचे पत्रे आले. २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हौसेच्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या आणि तो अध्याय संपला.

आतां पायाची रचना. घोड्याच्या पुढल्या पायाला मध्यावर जो सांधा दिसतो त्याला लोक गुडघा म्हणतात. वस्तुतः तो मनुष्याच्या मनगटाच्या जागीं आहे. त्याखालची लांब नळी म्हणजे आपल्या तळहाताचें मधलें हाड, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचें नख. तात्पर्य, घोडा एकेका पायाच्या एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या मनगटाखालीं त्याच्या पायांत मांस जवळजवळ नाहींच. हाड, कातडें, रक्तवाहिन्या, आणि दोऱ्या. सारे स्नायु वर खांद्याजवळ ठेवून निसर्गानें पाय हलका केला, म्हणून घोडा पळतो. आणि त्याच कारणास्तव कातडें फाटलें कीं शस्त्र थेट दोरीवर येतें, मध्यें मांसाची गादी नाहीं.

नळीच्या मागल्या बाजूस, कातड्याखालीं पहिली येते ती वरवरची आकुंचक कंडरा. तिच्या आंत खोल आकुंचक कंडरा. ही थेट खुराच्या आंतल्या हाडाला जाऊन मिळते. त्याहून आंत, हाडाला चिकटून, खालच्या सांध्याला झोळीप्रमाणें झेलून धरणारा एक बळकट बंध आहे. ज्या सांध्याच्या मागें केसांचा झुपका असतो तो हा सांधा. त्याला सोयीसाठीं झुपक्याचा सांधा म्हणूं. नळीच्या पुढल्या बाजूस पाय पुढें फेंकणाऱ्या प्रसारक कंडरा असतात. मागल्या दोऱ्या भार झेलतात, पुढल्या फक्त पाऊल टाकतात. हा एवढा भेद ध्यानांत राहिला तर पुढचें सर्व सोपें आहे.

मागल्या दोऱ्या नुसत्या दोऱ्या नव्हेत, त्या स्प्रिंगा आहेत. घोडा भरधाव असतां एका पायावर त्याच्या सबंध वजनाच्या अडीचपट भार येऊं शकतो, तेव्हां वरवरची कंडरा आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहूनहि अधिक ताणली जाते आणि पाय उचलतांच तें बळ परत देते. ती तुटण्याच्या सीमेच्या अगदीं जवळ रोज काम करीत असते. म्हणून तिला तुटावयास फार मोठा घाव लागत नाहीं. ताणलेल्या सतारीच्या तारेला नखहि पुरतें.

कोणती दोरी तुटली हें घोडा उभा राहिला कीं दिसतें, पायांत बोट घालून चांचपण्याचें कारण नाहीं. वरवरची एकटी तुटली असेल, तर भार पडतांच झुपक्याचा सांधा नेहमींपेक्षां थोडा खालीं बसतो. खोल कंडरा तुटली, तर खुराचा पुढचा भाग जमिनीवरून उचलला जातो आणि घोडा टांचेवर टेंकतो. दोन्ही तुटून आंतला बंधहि गेला, तर सांधा जमिनीलाच लागतो. हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें तो विसरत नाहीं. उलट पुढली प्रसारक दोरी तुटली असेल, तर पाऊल मुडपून पुढें वळतें आणि घोडा अडखळतो. दिसावयास हें भयंकर, पण भविष्य सर्वांत चांगलें याचेंच. पाऊल मुडपूं नये एवढा आधार कांहीं आठवडे दिला, तर घोडा पाय झटकून टाकण्याची नवी लकब शिकतो, आणि बहुतेक असे घोडे कामावर परत येतात. तेथें टांके घालण्याचीहि पुष्कळदां गरज पडत नाहीं. मागल्या दोऱ्या तुटलेल्यांत मात्र जगतात पुष्कळ, पण पूर्वींच्या कामाला परत लागतात ते साधारण निम्मे किंवा त्याहून कांहीं अधिक.

येथें एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. घाव लागला तेव्हां पाय हवेंत होता किंवा ताणलेला होता. तपासतेवेळीं घोडा उभा असतो. त्यामुळें कातड्यावरची चीर आणि आंतल्या दोरीचा छेद एका ओळींत राहत नाहींत. चीर दोन बोटांची, आंत पाहावें तों कंडरा पांढरी शुभ्र आणि अखंड. आणि खरा छेद त्याहून दोन-तीन अंगुळें वर किंवा खालीं दडलेला. लहान जखम म्हणून हळद भरून सोडून दिलेले किती घोडे आठ दिवसांनीं सांधा टेंकून बसले, त्याची गणती कोणीं ठेविलेली नाहीं.

पहिला तास सर्वांत मोलाचा. रक्त पाहून मनुष्य घाबरतो, कारण दोरीच्या दोहों अंगांनीं मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पण घोड्याच्या अंगांत दर शंभर किलो वजनामागें सुमारें आठ लिटर रक्त असतें. एक-दोन लिटर गेल्यानें तो मरत नाहीं. स्वच्छ कापसाचे जाड थर देऊन घट्ट पट्टी बांधली कीं रक्त थांबतें. दोरी आवळून पायाचा रक्तपुरवठाच बंद करण्याचा जो सर्रास प्रघात आहे तो सोडावा. ती दोरी काढण्याचें भान गडबडींत राहिलें नाहीं तर खूर थंड पडतो आणि मग पुढचें सर्व व्यर्थ होतें.

जखम धुवावयाची ती कशानें? शिरोड्यासारख्या किनाऱ्यावर समुद्राचें पाणी जखमेला चांगलें अशी जुनी समजूत आहे. तींत अर्धेंच सत्य आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. शरीरांतल्या पाण्याशीं जुळणारें प्रमाण फक्त नऊ ग्रॅमचें. चौपट खारट पाणी उघड्या कंडरेवर ओतलें तर तिच्या पेशींतलें पाणी शोषलें जातें. वाळू आणि जंतु वेगळेच. मिठागरांतलेंच मीठ घ्यावें, पण मोजून : एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारें दीड सपाट चमचा. तें पुष्कळ ओतावें, चोळूं नये. चुना, राख, रॉकेल, कॉफीची पूड, शेण यांपैकीं कांहींहि घालूं नये. घोड्याच्या लिदींत आणि तबेल्याच्या मातींत धनुर्वाताचे जंतु वास करतात, आणि पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकें बळी पडणारें दुसरें नाहीं. पायाचा घाव भरला आणि घोडा जबडा मिटून मेला, असें होऊं नये म्हणून धनुर्वाताची लस आधींपासून टोंचलेली असावी, नसेल तर त्याच दिवशीं प्रतिविष द्यावें.

त्यानंतर आधार. मागली दोरी तुटलेल्या पुढल्या पायावर घोड्यानें नेहमींसारखें पाऊल टेंकलें, तर प्रत्येक पावलागणिक तुटलेलीं टोंकें अधिक फांकतात आणि उरलेले धागेहि उसवतात. म्हणून पाय खुराच्या टोंकावर उभा राहील असा बांधावयाचा : टांचेखालीं लांकडाचा ठोकळा, नळीच्या पुढून एक फळी, भोंवतीं कापूस आणि पट्टी. नर्तकी अंगठ्याच्या टोंकावर उभी राहते तसा तो पाय दिसतो. हाडें एकावर एक सरळ रचलीं गेलीं कीं भार हाडांवर येतो आणि दोरी सैल राहते. पुढली दोरी तुटली असेल तर एवढें नको. नळाचा प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून त्याचें पन्हळ बांधलें तरी पाऊल मुडपत नाहीं. फळी बांधल्यावांचून घोड्याला एक पाऊलहि चालवूं नये, मग तबेला समोर दिसत असला तरी. माथेरानसारख्या ठिकाणीं, जेथें वाहन दस्तुरी नाक्यालाच थांबतें, तेथें घोड्याला आपल्याच पायांनीं तेथपर्यंत यावें लागण्याचा प्रसंग येतो. त्या वाटेवर ती फळी हेंच त्याचें सर्व भांडवल.

ट्रकमध्यें चढवितांनाहि विचार लागतो. ब्रेक दाबला कीं जनावराचा भार गाडीच्या पुढल्या दिशेला जातो. पुढला पाय दुखावला असेल तर घोड्याचें तोंड गाडीच्या मागल्या बाजूस करावें, मागला दुखावला असेल तर पुढच्या बाजूस. म्हणजे धक्का शाबूत पायांवर येईल. गोष्ट एवढीशी, पण घाईंत नेमकी हीच उलट होते.

महाराष्ट्रांत पशुवैद्यकाचें शिक्षण जुनें आहे. परळचें मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें. त्याला लागूनच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ आहे. त्याही पूर्वीं या देशांत शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यकाची परंपरा होती, जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्धच आहे. आणि घोड्याच्या वैद्याला लोक सलोतरी म्हणत, त्या शब्दांत शालिहोत्रच लपलेला आहे. परंतु तुटलेली दोरी जोडणें हें अलीकडचें काम. भूल, जंतुमुक्त शस्त्रें, प्रतिजैविकें आणि प्लॅस्टर हीं चारही एकत्र येईपर्यंत तें शक्य नव्हतें.

शस्त्रवैद्य प्रथम जखम साफ करतो, आणि खरें पाहतां शस्त्रक्रियेचा मोठा वांटा तेवढाच असतो. कंडरेभोंवतीं कांहीं भागांत वंगणाची एक पिशवी असते, तिच्यामुळें दोरी सुरळीत सरकते. त्या पिशवींत पू झाला तर उत्तम टांकेहि निरुपयोगी ठरतात. म्हणून कित्येक लिटर खारें पाणी तींतून सोडतात, मेलेला भाग कापून काढतात. मग टांके. कंडरेचे धागे सारे उभे असतात. केरसुणीच्या दोन झाडण्या टोंकाला टोंक लावून शिवावयाच्या अशी कल्पना करावी. साधा टांका घातला तर दोरा धाग्यांमधून सरळ निसटून येतो. त्यासाठीं तीन फांसांचा एक विशेष टांका आहे : तीन फांस तीन निरनिराळ्या दिशांनीं आणि टोंकापासून निरनिराळ्या अंतरांवर घेतात, म्हणजे ओढ वांटली जाते. एवढें करूनहि घोड्याचा भार पेलण्याची ताकद कोणत्याच दोऱ्यांत नाहीं. टांका फक्त टोंकें जवळ ठेवतो. भार पेलतें तें खुरासकट गुडघ्याखालपर्यंत घातलेलें प्लॅस्टर. तें अधूनमधून बदलून सहा-आठ आठवडे ठेवावें लागतें. जखम फार मळलेली किंवा जुनी असेल, टोंकें चिंध्या झालीं असतील, तर टांक्यांचा हट्ट न धरतां नुसतें प्लॅस्टरच घालतात, आणि मधली पोकळी शरीर आपल्या पद्धतीनें भरून काढतें.

यापुढें डॉक्टरांचें काम कमी आणि मोतद्दाराचें जास्त. पहिला धोका दुखऱ्या पायाला नव्हे, तर चांगल्या पायाला. सगळा भार आठवडेच्या आठवडे समोरच्या पायावर पडला कीं त्या खुराच्या आंतला रक्तपुरवठा बिघडतो, खुराचें कवच आंतल्या हाडापासून सुटूं लागतें, आणि घोडा दोन्ही पायांनीं जातो. अमेरिकेंत बार्बारो नांवाचा घोडा २००६ सालची केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनीं दुसऱ्या शर्यतींत त्याचा मागला पाय मोडला. त्याचें हाड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयांत जोडलें गेलें, महिनोनमहिने तो सुधारतहि होता. पण खुरांच्या या विकारानेंच २००७ च्या जानेवारींत त्याला मरण द्यावें लागलें. जगांतले उत्तम वैद्य आणि हवा तितका पैसा असतां हें झालें. म्हणून ठाणावर भुसा किंवा वाळू यांचा जाड मऊ थर घालतात, चांगल्या पायालाहि आधाराची पट्टी बांधतात, त्याच्या खुराला रोज हात लावून ऊन लागतो कीं काय हें पाहतात. वेदनेचें औषधहि याचसाठीं द्यावयाचें : दुखरा पाय थोडा तरी टेंकला जावा म्हणून. तें इतकेंहि देऊं नये कीं घोडा दुखणें विसरून नाचूं लागेल.

चंदी त्याच दिवशीं कमी करावी. काम करणाऱ्या घोड्याचे हरभरे आणि ओट उभ्या घोड्याला विष होतात. एक तर तो माजतो आणि प्लॅस्टरसकट लाथा झाडतो, नाहीं तर पोटशूळानें लोळूं लागतो. गवत पुष्कळ, पाणी पुष्कळ, दाणा बेताचा. आणि नजरेसमोर दुसरा घोडा किंवा निदान एखादी शेळी बांधलेली असावी. घोडा हा कळपांतला प्राणी आहे; एकटा कोंडलेला घोडा भिंतीला अंग घांसतो, ठाणावर डुलत राहतो, आणि त्या अस्वस्थपणांत पायाची विश्रांति जाते.

दरम्यान आंत काय चाललेलें असतें? पहिला आठवडा सुजेचा. नंतर दोन्ही टोंकांच्या भोंवतालच्या पेशी येऊन नवे धागे विणूं लागतात. पण हे धागे घाईचे, बारीक आणि आडवेतिडवे असतात. मूळच्या कंडरेंत धागे समांतर आणि नागमोडी वळणाचे असतात, म्हणून ती ताणून परत येते. घाईच्या धाग्यांच्या जागीं पक्के धागे यावयास आणि ते भाराच्या दिशेनें ओळींत लागावयास महिने लागतात. कंडरेला रक्तपुरवठा थोडा, म्हणून तिचें घड्याळहि मंद. आणि पूर्ववत् ती कधींच होत नाहीं; जें बनतें तें ठिगळ असतें, मूळ वस्त्राहून जाड आणि ताठर.

याच ठिकाणीं सर्वांत मोठी फसगत होते. प्लॅस्टर निघतें, घोडा तिसऱ्या महिन्यांत ठाणाबाहेर येतो आणि सरळ चालतो. लंगडणें दिसत नाहीं. मालक हात लावून पाहतो. सूज नाहीं, ऊन नाहीं, घोडा कानहि टवकारतो. त्याच सुमारास हंगाम सुरू झालेला असतो. लंगडणें थांबलें तें वेदना थांबली म्हणून. दोरी अजून अर्धीकच्ची आहे. त्या आठवड्यांत ज्यानें खोगीर घातलें त्याच्या घोड्याची शीर बहुधा पुन्हां तुटते, आणि दुसऱ्या वेळीं शिवावयास निरोगी टोंकें उरत नाहींत. ध्वनिलहरींच्या यंत्रानें, म्हणजे सोनोग्राफीनें, आंतले धागे पाहतां येतात. तें चित्र काळें दिसत आहे तोंवर खोगीर खुंटीवरच राहिलें पाहिजे. जेथें यंत्र नाहीं तेथें पंचांग आहे.

ही वाट पाहणी टाळण्यासाठीं मनुष्यानें पुष्कळ उपाय केले. तापलेल्या लोखंडानें पाय डागणें हा त्यांतला सर्वांत जुना. घोड्याला आणि बैलाला, कोंकणांत आणि इंग्लंडांतहि. डागानें शीर बळकट होते असा दृढ समज होता. ब्रिस्टल विद्यापीठांतल्या संशोधकांनीं त्याची पद्धतशीर परीक्षा करून १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले, कीं डागण्यानें कंडरा लवकरहि सांधत नाहीं आणि चांगलीहि सांधत नाहीं. डागलेला घोडा जो बरा होई तो डागानंतर सक्तीनें मिळणाऱ्या विश्रांतीमुळें. २००३ मध्यें लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं घोड्याच्याच अस्थिमज्जेंतल्या मूळ पेशी वाढवून दुखावलेल्या कंडरेंत टोंचल्याची हकीकत छापली, आणि तेव्हांपासून शर्यतीच्या घोड्यांत हा उपाय रूढ होत गेला. परंतु तो आंतून उसवलेल्या, बाहेरून अखंड असलेल्या दोरीसाठीं. सपशेल कापलेल्या दोरीला अजून तरी टांका, प्लॅस्टर आणि काळ यांचाच आश्रय.

काळ मात्र फुकट मिळत नाहीं. महालक्ष्मीच्या मैदानावरचा घोडा आठ महिने उभा राहिला तर धनिकाच्या वहींत एक रकाना वाढतो. माथेरानच्या घोडेवाल्याचा घोडा उभा राहिला, तर घरांत येणारा पैसा थांबतो आणि गवताचा खर्च चालूच राहतो. तो तिसऱ्या महिन्यांत खोगीर घालतो तें अज्ञानानें घालतो असें म्हणणें सोपें आहे. पुष्कळदां त्याला सर्व कळत असतें. तेव्हां वैद्यानें पहिल्याच दिवशीं औषधाच्या खर्चाबरोबर उभ्या राहण्याचाहि खर्च त्याच्यापुढें मांडला पाहिजे, आणि दोन्ही आकुंचक कंडरा व बंध तुटलेल्या, पिशवींत पू झालेल्या, खूर थंड पडलेल्या घोड्याविषयीं खोटी आशा देऊं नये. त्या घोड्याला औषधानें शांत मरण देणें ही दयाच होय. पण एकच दोरी तुटलेला, वेळेवर फळी बांधलेला तरुण घोडा असेल, तर पुढच्या हंगामाचा हिशेब करावयास हरकत नाहीं. तो कदाचित् दौडीचा राहणार नाहीं; मुलांना बसवून पायींच्या गतीनें फिरवील, किंवा घोडी असेल तर शिंगरें देईल.

प्लॅस्टरनंतर नालबंदाची पाळी येते. टांचेच्या मागें दोन-तीन अंगुळें लांब निघालेली आणि टांच उंच ठेवणारी नाल तो ठोकतो. झुपक्याचा सांधा खालीं बसूं लागला कीं ती लांब टोंकें जमिनीला टेंकून त्याला सांवरतात. दर पांच-सहा आठवड्यांनीं नाल बदलतांना उंची थोडी थोडी उतरवितात. चालणें आरंभीं पांच मिनिटांचें, दिवसांतून दोनदां, हातांत दोर धरून, सपाट टणक वाटेवर. वाळूंत किंवा चिखलांत नव्हे, कारण रुतणारें पाऊल दोरीला ओढ देतें. दर आठवड्याला पांच मिनिटें वाढवावयाचीं. सागरकिनारा जवळ असेल तर जखम पुरती भरल्यावर गुडघाभर समुद्रांत उभें करावें. थंड पाणी सूज उतरवितें, आणि जुन्या समजुतींतलें अर्धें सत्य तें हेंच.

पांचव्या-सहाव्या महिन्यांत पहिली दुडकी चाल. मोतद्दार बाजूनें धांवतो, दुसरा कोणी दूर उभा राहून घोड्याच्या डोक्याकडे पाहतो आणि टापा ऐकतो. दुडकीचा ताल दोन मात्रांचा असतो. पुढला पाय दुखत असेल तर तो जमिनीला लागतांच घोडा डोकें वर फेंकतो आणि ती टाप हलकी पडते. डोळे मिटूनहि तें कानाला कळतें. डोकें उसळलें तर त्याच पावलीं ठाणावर परत, आणि आणखी एक महिना नुसतें चालणें. डोकें एका पातळींत राहिलें, टापा सारख्या पडल्या, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पायाला हात लावून ऊन नाहीं अशी खात्री करून घेतात, आणि मग त्या आठवड्याचीं पांच मिनिटें वाढवितात.